चर्चच्या गेम नाईटला आजीपासून नातवापर्यंत सगळे खेळतील, असा बेत कसा आखायचा?

डिसेंबर लागला की चर्चच्या युवा गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, ‘शनिवारी गेम नाईट, सहकुटुंब या!’ लोक येतातही. पण अर्ध्या तासात चित्र ठरलेलं असतं. कॉलेजची मुलं मधोमध दंगा करतायत, आई-बाबा कडेच्या खुर्च्यांवर बसलेत, आजी घड्याळ बघतायत आणि पहिल्याच फेरीत बाद झालेला आठ वर्षांचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय.

आता प्रश्न असा, की सहकुटुंब बोलावलं खरं, पण खेळतंय कोण? बहुतेक वेळा गडबड होते ती खेळ निवडताना. म्हणून आधी तेच समजून घेऊया.

हा प्रश्न जुनाच आहे

१८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथं वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल तयार केला. वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना. थंडीत घरात कोंडलेल्या तरुणांना दमवणारा खेळ हवा होता, तो मिळाला. पण वायएमसीएत येणाऱ्या वयस्कर मंडळींना ही धक्काबुक्की झेपेना. मग १८९५ मध्ये जवळच्याच होलिओक गावात विल्यम मॉर्गन यांनी मध्ये जाळी बांधली आणि दोन्ही संघ वेगळे केले. तोच आजचा व्हॉलीबॉल.

मॉर्गन यांनी वयस्कर लोकांना ‘तुम्ही बसा’ असं सांगितलं नाही, त्यांनी खेळच बदलला. गेम नाईट ठरवताना हेच लक्षात ठेवायचं.

खेळ निवडताना काय बघायचं?

पहिली गोष्ट, कुणी बाद होतं का? संगीत खुर्चीत सगळ्यात आधी लहान मुलं आणि म्हातारी माणसं बाहेर पडतात. म्हणजे ज्यांना खेळायला बोलावलं, तीच प्रेक्षक होतात. असा खेळ ठेवायचाच असेल तर बाद झालेल्यांना पुढच्या फेरीत परत घ्या किंवा बाद करण्याऐवजी गुण कापा.

दुसरी गोष्ट, जिंकायला काय लागतं? धावायचं असेल तर तरुण जिंकणार, पाठांतर असेल तर अभ्यासू जिंकणार. सापशिडी आणि लुडोत मात्र फाशाला वय कळत नाही. सहा वर्षांची नात आजोबांना हरवू शकते. कॅरममध्ये तर उलट मजा होते, कारण जुने खेळाडू घरातल्या तरुणांना सहज दमवतात. तीनही प्रकारचे खेळ थोडे थोडे ठेवले की प्रत्येकाची कधी ना कधी पाळी येते.

तिसरी गोष्ट, भाषा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये झाली. सहा वेगवेगळे चर्चसमूह तेव्हा एकत्र आले. आजही नागपुरातल्या चर्चमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम, तमिळ बोलणारी कुटुंबं भेटतात. अशा ठिकाणी नुसती मराठी किंवा हिंदी अंताक्षरी ठेवली तर काही घरं गप्प बसतील. मूकाभिनय, चित्र काढून ओळखणं, चमचा-लिंबू हे खेळ कुठल्याही भाषेत चालतात. बायबल प्रश्नमंजूषा ठेवणार असाल तर तीच एकटी ठेवू नका. शेजारचा मित्र पहिल्यांदा आला असेल तर तो तिथंच अवघडतो.

संघ कसे पाडायचे?

‘आपापले गट करा’ म्हटलं की मित्र मित्रांकडे जातात. त्यापेक्षा दारातच रंगीत चिठ्ठ्या द्या. मुलांच्या, तरुणांच्या आणि मोठ्यांच्या चिठ्ठ्यांचे डबे वेगळे ठेवा, म्हणजे प्रत्येक रंगात सगळ्या वयाचे येतील. आठ-दहा जणांचा संघ पुरे. त्याहून मोठा झाला की निम्मे लोक नुसते उभे राहतात.

हाऊजी ठेवावी का?

खेळ म्हणून हाऊजी इथं अगदी फिट बसते. १ ते ९० आकडे, तिकिटावर १५ आकडे, शेवटपर्यंत कुणी बाद नाही. पण अडचण पैशांची आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे आणि हाऊजी हा नशिबाचा खेळ. तिकिटाचे पैसे घेऊन रोख बक्षीस वाटलं, तर प्रकरण जुगाराच्या वाटेला जाऊ शकतं. शिवाय समोर लहान मुलं बसलेली असतात, त्यांना आपण काय शिकवतोय हाही मुद्दा आहेच.

सोपा उपाय म्हणजे तिकीट सगळ्यांना फुकट द्यायचं. जेवणाची वर्गणी वेगळी घ्या आणि ती खेळाशी जोडू नका. बक्षीस म्हणून संत्रा बर्फीचा डबा ठेवा, तो जिंकणाऱ्याच्या पूर्ण संघात वाटला जाईल.

वेळ कशी बसवायची?

संध्याकाळचे अडीच तास पुरतात. साडेसहाला सुरुवात. पहिली पंधरा मिनिटं ओळखीचा खेळ, म्हणजे उशिरा येणाऱ्यांचं काही बुडत नाही. मग चार कोपऱ्यांत चार खेळ मांडा, शिट्टी वाजली की संघांनी कोपरा बदलायचा. प्रत्येक खेळ पंधरा मिनिटांचा. आठला खाणं. तर्री पोहे असतील तर तर्री वेगळी ठेवा, लहान मुलं पोहे नुसते खातील. शेवटी सगळ्यांची मिळून एक हाऊजी आणि नऊला निरोप.

मोकळ्या मैदानात कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, हे विसरू नका. डिसेंबरात नागपूरची थंडीही बोचते, त्यामुळे वयस्करांसाठी हॉलच बरा. मे महिन्यात बेत असेल तर ऊन उतरल्याशिवाय मैदानी खेळ नकोत, आणि पाण्याची सोय आधी बघा.

मुलांची काळजी कोण घेणार?

हे काम ‘सगळे बघतील’ वर सोडलं की कुणीच बघत नाही. दोन मोठ्या माणसांची नावं आधीच ठरवा. मूल कुणाही एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नको, आणि मुलं घरी कुणासोबत जाणार याची नोंद ठेवा. फोटो टाकण्याआधी आई-वडिलांना विचारा. रील छान दिसेल, पण मुलाचा चेहरा कुठं दिसावा हे ठरवायचा हक्क त्याच्या घरच्यांचा आहे.

कार्यक्रम जमला की नाही, हे कसं ओळखायचं? नऊ वाजता कडेच्या खुर्च्यांकडे बघा. त्या रिकाम्या असतील तर जमला!