अहो, कुत्र्याला काही खायला घालता की नाही?

आपल्याकडे दोन जिवांबद्दल सल्ला द्यायला ओळखपाळख लागत नाही. एक कडेवरचे तान्हे मूल आणि दुसरे साखळीला धरलेले कुत्रे. त्यातही मूल चालू-बोलू लागले की सल्ल्यांचा ओघ हळूहळू आटतो. कुत्रे मात्र जन्मभर मुके राहते आणि त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी अख्खा रस्ता आपल्या शिरावर घेतो.

गेली चार वर्षे रोज सकाळी सहा वाजता मी आमच्या खंडूला घेऊन प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून हनुमान टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाते आणि परत येते. कॉलेजात मी मराठी शिकवते. तासाला पन्नास मुलांना मी जेवढे ऐकवते, त्याहून अधिक मला या पाऊण तासात ऐकावे लागते. तेही हजेरी न घेता!

पंचतंत्रातली ती गोष्ट तुम्हाला आठवत असेल. एक ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन निघाला होता. वाटेत तीन ठक ठरवून एकामागून एक भेटले आणि प्रत्येकाने त्याला खांद्यावर कुत्रे कशाला घेतलेस म्हणून हटकले. तिसऱ्या खेपेला बिचाऱ्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला आणि त्याने बोकड टाकून दिला. तीच गोष्ट आमच्या वाट्याला उलटी आली आहे. फरक इतकाच, की ते तिघे लबाड होते आणि आपले सल्लागार अगदी मनापासून बोलतात. लबाडाला टाळता येते. भल्या माणसाला टाळणे महाकठीण!

आमचा खंडू मुधोळ जातीचा आहे. आपल्याकडे याच जातीला कारवान म्हणतात. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. 1948 साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी या जातीची निगा राखली. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांतल्या एकावर मुधोळ विराजमान आहे. इतके सगळे खरे. पण हे कुत्रे दिसते कसे? खोल छाती, पाठीला टेकलेले पोट, काडीसारखे पाय. नजरेने सावज हेरून त्याच्यामागे वाऱ्यासारखे धावणे हा त्याचा पिढीजात धंदा. धावणाऱ्याच्या अंगावर चरबी कशी असेल? शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे त्याच्या प्रकृतीचे सुलक्षण आहे.

हे पुण्याच्या रस्त्याला कोण सांगणार? “अहो बाई, कुत्र्याला काही खायला घालता की नाही?” हा प्रश्न मला सरासरी दिवसाआड येतो. एका आजींनी तर, “एवढा पगार मिळतो ना कॉलेजात?” असे विचारून खंडूसमोर बिस्किटाचा पुडाच फोडला. दुसऱ्या एका गृहस्थांचा आक्षेप नावाला. देवाचे नाव कुत्र्याला? मी त्यांना म्हटले, खंडोबाच्या चित्रात त्याच्या घोड्याशेजारी कुत्रा असतोच की! आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचे नाव खंड्याच होते. वाघापासून त्याने महाराजांना वाचवले असे सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ते ठीक, पण त्याला जरा तूप घालत जा.”

चार वर्षांच्या अनुभवाने मी या सल्ल्यांची वर्गवारी केली आहे. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

पहिला वर्ग पोटाचा. यातले निम्मे सल्ले हसून सोडून देण्याजोगे असतात. दूध द्या म्हणणाऱ्याला मी “बरं” म्हणते. मोठेपणी पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, हे रस्त्यात उभे राहून समजावण्यात अर्थ नसतो. पण “मूठभर बेदाणे द्या, ताकद येईल,” असे कोणी म्हणाले की मी थांबते. द्राक्षे आणि बेदाणे माणसाला पौष्टिक असले तरी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. चॉकलेट त्याला विषासमान, कांदा-लसूण रक्ताला घातक. आता आपल्या फराळाचे ताट डोळ्यांसमोर आणा. लाडवावर बेदाणा, चिवड्यात तळलेला कांदा, भेट आलेल्या खोक्यात चॉकलेट! प्रेमाने पुढे केलेला हात तेवढ्यापुरता अडवावाच लागतो. मी आजींना म्हणते, “त्याला डॉक्टरांचं पथ्य आहे हो.” पथ्य हा शब्द आपल्या लोकांना फार लवकर पटतो. मनाई म्हटली की वाद, पथ्य म्हटले की सहानुभूती!

दुसरा वर्ग शिस्तीचा. “एक रट्टा द्या, सरळ येईल.” दिवाळी जवळ आली की याच वर्गातला एक सल्ला हटकून येतो, “फटाके वाजतात तिथंच बांधून ठेवा, भीती मोडेल.” भीती अशी मोडत नाही, ती वाढते. माणसाच्या कानाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्याला जो बार वाटतो, तो त्याच्या डोक्यात काय होत असेल? आम्ही त्या चार दिवसांत खंडूचे फिरणे उजेडीच उरकतो, आतल्या खोलीच्या खिडक्या लावून घेतो आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला फोन नंबर अडकवतो. भेदरलेली कुत्री घर सोडून पळतात, ती याच दिवसांत.

तिसरा वर्ग औषधाचा. इथे मात्र हसण्यावारी नेणे हा गुन्हा ठरेल. टेकडीच्या पायथ्याच्या बाकावर एकदा चर्चा चालली होती, की कुत्रे चावले तर जखमेत तिखट भरावे, नाहीतर चुना लावावा. मला कोणी विचारले नव्हते. म्हणजे त्या दिवशी अनाहूत सल्लागार मीच झाले! मी सांगितले ते असे. तिखट नाही, चुना नाही, हळदही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य; पण त्याआधी लस मिळाली तर तो टाळता येतो. पाश्चरने 6 जुलै 1885 रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचायला सुरुवात केली आणि ते पोर वाचले. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात. जखम खोल असेल तर जखमेतही औषध देतात.

बाकावरच्या मंडळींत एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. रोज मला पाहिले की ते दुरूनच म्हणत, “याच्या तोंडाला मुसकी बांधा, नाहीतर घरी ठेवा.” चार वर्षांत खंडूने कोणावर दातही दाखवला नव्हता. मी त्यांना कुत्र्यांचा शत्रू समजून मुकाट्याने पुढे जात असे. त्या दिवशी सगळे उठून गेल्यावर ते मागे राहिले. हातभर अंतर राखून त्यांनी सदरा किंचित वर केला आणि म्हणाले, “ती चौदा मी घेतली आहेत. दहा वर्षांचा होतो. आई दोन्ही हात धरून ठेवायची आणि स्वतःच रडायची. माझ्याबरोबर चावलेला शेजारचा मुलगा लस घ्यायला आला नाही. त्याच्या जखमेत तिखट भरलं होतं.”

पुढे ते काही बोलले नाहीत. मलाही काही सुचले नाही.

चौथा वर्ग मी त्या दिवशी केला. तो सल्ला नसतोच. “कुत्रा आवरा,” असे जो कठोर आवाजात म्हणतो, तो पुष्कळदा “मला भीती वाटते,” एवढेच म्हणत असतो. वयामुळे त्याला ते तसे म्हणता येत नाही. त्या भीतीला “काही करत नाही हो तो” हे उत्तर नव्हे. घरात खंडू आमचा, रस्ता सगळ्यांचा. वर्षाची लस, महापालिकेचा परवाना आणि मागची स्वच्छता हे तर आपले कर्तव्यच. पण समोरून येणाऱ्याचे पाऊल अडखळले की साखळी आखडून पलीकडच्या बाजूला जाणे हेही त्यातच आले. ते गृहस्थ आजही खंडूला हात लावत नाहीत, लावावा अशी माझी अपेक्षाही नाही. आम्ही रस्ता ओलांडतो आणि ते हात वर करतात. आमची ओळख एवढीच, पण पक्की आहे.

आणि बाकीच्या सल्ल्यांचे काय? महाभारताच्या अखेरीस धर्मराज कुत्र्याला बरोबर घेऊन स्वर्गाच्या वाटेवर उभा होता, तेव्हा प्रत्यक्ष इंद्राने त्याला सल्ला दिला, की कुत्र्याला सोड आणि रथात बस. धर्मराज इंद्राशी भांडला नाही, त्याची टिंगलही केली नाही. जो भरवशाने मागून आला त्याला मी सोडणार नाही, एवढे शांतपणे सांगून तो उभा राहिला. आपल्याला भेटतात ते तर दूध आणायला निघालेले साधे शेजारी. त्यांच्याशी भांडून काय मिळणार? ऐकावे सगळ्यांचे, कुत्र्याच्या जिवाशी गाठ असेल तिथे नाही म्हणावे, माणसाच्या भीतीला वाट द्यावी आणि उरलेल्याला “बरं” म्हणून पुढे चालू लागावे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत प्रभात रस्त्यावर एक हडकुळे कुत्रे दिसले, तर अवश्य हटका. मी थांबेन. फक्त हातातला लाडू तुम्हीच खा!