गरोदरपणातील तपासणी आणि तिचा दर

गरोदरपणात रक्तदाब वाढू लागला तरी बाईला सुरुवातीला बहुधा काहीच जाणवत नाही. पट्टा बांधून तो मोजला आणि लघवीत प्रथिने आहेत का हे पाहिले, तरच धोका कळतो. तो कळला नाही तर पुढे झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आपल्याकडे बाळंतपणापूर्वी किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ सांगते. त्या चुकतात, तेव्हा आपण पटकन बाईच्या अज्ञानाला दोष देतो. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते. तपासणीचे पैसे कोण देतो आणि किती देतो, हेही पाहायला हवे.

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी विमा आहे. त्याचे दर कमी, म्हणून बरेच डॉक्टर या रुग्णांना टाळत. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत प्राथमिक उपचारांचे दर वाढवून वृद्धांच्या सरकारी विम्याइतके केले गेले. तेव्हा संशोधकांनी दहा राज्यांतल्या दवाखान्यांत रुग्ण असल्याची बतावणी करणाऱ्यांकडून फोन करवले. मेडिकेड सांगणाऱ्या शंभरांपैकी पूर्वी सुमारे ५९ जणांना वेळ मिळे, दरवाढीनंतर ६६ जणांना मिळू लागली. खासगी विमा सांगणाऱ्यांच्या बाबतीत फरक पडला नाही. प्रयोगाचे मर्म या दुसऱ्या गटात आहे. वर्गात ‘तुलनेचा गट’ शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. हा अभ्यास गरोदर स्त्रियांचा नव्हता, पण दर आणि दवाखान्याचे दार यांचे नाते त्यातून दिसते.

आता सातारा-सांगलीकडे वळू. राज्याची जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये या जिल्ह्यांतही आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्यात प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो, पण तो मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. गरोदर बाईची नेहमीची तपासणी दाखल न होता होते. म्हणजे विम्याच्या हिशेबात तिचा दर शून्य! ही तपासणी सरकारी उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे मोफत करतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञांकडून तपासणी होते. तीत खासगी डॉक्टरांनी विनामूल्य यावे अशी अपेक्षा आहे. थोडक्यात, ही व्यवस्था पगारावर आणि भिडेवर चालते.

गावात राहणाऱ्या बाईला ती पुरते. ऊसतोडीला आलेल्या बाईचे तसे नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या कराड, वाळवा भागांत उतरतात. तिची नोंद आणि तिला ओळखणारी आशाताई मूळ गावी राहते; ती स्वतः फडाजवळच्या कोपीत. नवराबायको मिळून एक कोयता, त्यामुळे तपासणीला गेले की खाडा पडतो आणि त्याचे पैसे अनेकदा हिशेबात कापले जातात. जवळचा खासगी दवाखाना संध्याकाळी उघडा असतो, पण तिथली फी पदरची. विम्याने या तपासणीला दर ठरवला असता, तर त्या डॉक्टरलाही तिला बोलावण्यात रस वाटला असता.

हंगामात तुमच्या शाळेत टोळीतली मुले येत असतील, तर त्यांच्याबरोबर ९ तारखेचा निरोप फडावर धाडता येईल. ही तपासणी सर्व गरोदर स्त्रियांसाठी आहे, नोंद कुठल्याही गावची असो.