झाडं तोडल्यावर रानातलं काय जातं, ते मोजायचं कसं?

आपल्यापैकी बरेचजण उन्हाळ्यात करंट नदीवर कनू घेऊन जातात आणि ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला ओझार्कच्या डोंगरांत. सेंट लुईसहून अडीच-तीन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना ओक आणि हिकरीचं गच्च रान बघून वाटतं, वा, काय अस्पर्श जंगल आहे! तसं ते मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे पाइनची तोड जोरात सुरू झाली. ग्रँडिन गावातली लाकडाची गिरणी त्या काळी देशातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांत गणली जायची. १९२० च्या सुमारास चांगला पाइन जवळजवळ संपला. आज आपण ज्याचे फोटो काढतो ते त्यानंतर पुन्हा उगवलेलं रान आहे, आणि त्याचीही तोड चालूच असते. घरातल्या लाकडी फरशीच्या पट्ट्या, रेल्वेचे स्लीपर, आणि (मंडळाच्या पार्टीत याचा उल्लेख चालेल असं वाटतं) व्हाइट ओकची व्हिस्कीची पिंपं, हे सगळं या डोंगरांतून येतं.

मग प्रश्न साधा आहे. या तोडीने रानातले पक्षी, बेडूक, किडे, गवत यांचं काय होतं? एक बाजू म्हणते सत्यानाश होतो. दुसरी म्हणते काही होत नाही, रान पुन्हा उगवतंच. दोघेही छातीठोकपणे बोलतात, पण मोजलेलं फारच थोडं असतं. कारण मोजणं हे काम किचकट आणि कंटाळवाणं आहे, आणि त्याचा रिबन कापायचा समारंभ होत नाही.

आपल्या मिझुरीने मात्र ते मनावर घेतलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी गाणारे पक्षी कमी होताहेत अशी काळजी सुरू झाली, आणि त्यातून राज्याच्या कॉन्झर्व्हेशन खात्याने एक प्रयोग आखला. नाव लांबलचक आहे, मिझुरी ओझार्क फॉरेस्ट इकोसिस्टिम प्रोजेक्ट. सगळे त्याला 'मोफेप' म्हणतात. त्यासाठी जंगलाचे नऊ तुकडे निवडले, एकेक तुकडा शेकडो एकरांचा. तीन तुकड्यांत सरसकट तोड करायची, म्हणजे एका फेरीत जागेचा साधारण दहावा भाग मोकळा करायचा, आपल्याकडे वनखातं कूप पाडतं तसं. तीन तुकड्यांत निवडून एकेक झाड किंवा छोटा पुंजका काढायचा. उरलेल्या तिनांत करवत न्यायचीच नाही. कुठल्या तुकड्याला काय, हे कोणाच्या आवडीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरवलं.

यातली हुशारी पुढे आहे. १९९१ ते १९९५ या काळात एकही झाड न तोडता फक्त मोजणी केली. अर्ध्या एकराचे ६४८ प्लॉट आखून त्यांतली झाडं-झुडपं नोंदली. पहाटे उठून कुठल्या जागी कुठला नर गातोय ते नकाशावर मांडलं, त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन. घरटी शोधून त्यांतली पिल्लं उडेपर्यंत पाळत ठेवली. जमिनीवर अडसर उभारून त्याच्या कडेला भांडी पुरली, की सरपटणारे जीव आणि बेडूक अडसराच्या कडेकडेने चालत येऊन आत पडावेत, मोजले जावेत आणि परत सुटावेत. मग १९९६ मध्ये पहिली तोड. दुसरी २०११ मध्ये. अशी दर १५ वर्षांनी एक फेरी, आणि प्रयोग किमान शंभर वर्षांचा. म्हणजे तो ज्यांनी आखला त्यांच्यापैकी कोणीही त्याचा शेवट बघणार नाही हे त्यांना पहिल्या दिवशीच माहीत होतं.

आता निकाल. तोडीनंतर मोकळ्या जागेत झुडपं माजली आणि इंडिगो बंटिंगसारखे झुडपांत रमणारे पक्षी वाढले. हे अपेक्षितच होतं. दाट, जुन्या रानातले पक्षी कमी झाले, हेही कोणाला आश्चर्याचं वाटलं नाही. पण तेच पक्षी न तोडलेल्या तुकड्यांतही कमी झाले! आता विचार करा, ते तीन तुकडे राखलेच नसते तर काय झालं असतं? 'आधी इतके, नंतर इतके, बघा करवतीने काय केलं' असं म्हणून सगळी घट तोडीच्या खात्यावर मांडली गेली असती. यातले कितीतरी पक्षी हिवाळा मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटांवर काढतात. त्यांचं तिकडे काय झालं, पाऊसपाणी कसं होतं, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. तोडलेल्या आणि न तोडलेल्या तुकड्यांतल्या बदलात जी तफावत राहते, तेवढीच करवतीच्या नावावर लिहायची.

घरट्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. आपली कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते, तसा इकडे काउबर्ड नावाचा पक्षी आहे. शेतं आणि कुरणं रानात घुसली की तोही मागोमाग घुसतो, आणि लहान पक्ष्यांना त्याचीच पिल्लं पोसावी लागतात. इलिनॉयच्या तुकडे-तुकडे झालेल्या रानांत याने हाहाकार केलेला आहे. ओझार्कमध्ये तोड होऊनही हा उपद्रव कमीच राहिला, कारण सभोवती मैलोन्मैल रानच आहे. तोड तीच, पण शेजार वेगळा म्हणून परिणाम वेगळा. त्यामुळे मिझुरीचा आकडा उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही.

आणखी एक मेख आहे. मोजायचं तरी काय? 'किती जाती आहेत' हा आकडा फसवा असतो. ऊन आत आलं की गवतं आणि फुलझाडं वाढतात आणि जातींची बेरीज कधीकधी वरही जाते! युरोपातल्या अभ्यासांचा २०१० मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा तोड नसलेल्या रानांत जाती सरासरीने थोड्याच जास्त निघाल्या. पण आत डोकावलं तर शेवाळं, दगडफूल, बुरशी आणि कुजक्या लाकडात राहणारे भुंगेरे तोडीच्या रानांत मार खात होते, आणि फुलझाडं उलट खुशीत होती. बेरीज जवळजवळ तीच, माणसं मात्र बदललेली. ओझार्कमध्येच सॅलॅमँडरचं बघा. दिसायला पालीसारखा, पण गोत बेडकाचं. इथल्या कित्येक जातींना फुप्फुसंच नाहीत, ते ओल्या कातडीतून श्वास घेतात. १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात नुकत्याच तोडलेल्या जागी ते जवळजवळ दिसलेच नाहीत, आणि सर्वांत जास्त सापडले ते सर्वांत जुन्या रानात. शेकडो एकरांची सरासरी काढली असती तर हे बुडून गेलं असतं.

हे सगळं स्मरणिकेत कशासाठी, असं कोणी विचारेल. आपल्यातले अनेकजण गावाकडच्या झाडं लावण्याच्या, रान राखण्याच्या कामांना दरवर्षी देणगी देतात, म्हणून. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी जंगल फार थोडं, बहुतेक रान लोकांच्या मालकीचं. काही वर्षांनी एकदा ते सरसकट तुटतं आणि सरपण म्हणून ट्रकने जातं. खोडांना पुन्हा फुटवे येतात, डोंगर हिरवा दिसतो, सगळ्यांना बरं वाटतं. पण महाधनेशाला अंडी घालायला मोठी ढोली असलेलं म्हातारं झाड लागतं, आणि ते बारा-पंधरा वर्षांच्या फुटव्यांत कुठून मिळणार? ते उरतं देवराईत. म्हणून पुष्कळदा देवराई आणि शेजारचं तुटलेलं रान यांची तुलना केली जाते. उपयोगी आहे, पण जपून. देवराया बऱ्याचदा झऱ्याजवळ, ओलाव्याच्या जागी असतात. तिथे मुळातच जास्त जीव असणार. तुटण्याआधीची मोजणी नसेल तर कशाचं श्रेय देवाला आणि कशाचा दोष कुऱ्हाडीला, ते ठरवता येत नाही.

तेव्हा देणगी देताना संस्थेला जरूर विचारावं: काम सुरू करण्याआधी तुम्ही काय मोजलं? तसंच, पण हात न लावलेलं एखादं रान जवळपास बाजूला ठेवलंय का? आणि पाचव्या, दहाव्या वर्षी परत जाऊन मोजायला पैसे कोण देणार आहे? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकदा शांतता असते. 'अमुक हजार रोपं लावली' याचा फोटो देणगीदाराला पाठवता येतो. पहाटे वहीत टिपलेल्या पक्ष्यांच्या आवाजाचा काय फोटो पाठवणार! संस्थांचा यात फारसा दोष नाही, आपण देणारेच तसे आहोत.

मिझुरीला हे कसं परवडलं, तेही सांगतो. १९७६ साली इथल्या मतदारांनी स्वतःवर एक छोटा विक्रीकर लावून घेतला, टक्क्याचा आठवा भाग. तो कॉन्झर्व्हेशन खात्याला जातो. किराण्यावरही तो लागतो. म्हणजे देशी दुकानात आठ डॉलरचे पोहे-साबुदाणा घेतले की एक सेंट इथल्या रानाच्या वाट्याला. कोकणात काम करणाऱ्या लहान संस्थांना असा सेंट नाही. पुढचा चेक लिहाल तेव्हा खाली मेमोची ओळ मोकळी असते, तिथे 'मोजणीसाठी' एवढं लिहून पाठवा.