माठ काय सांगतो?

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी हे नाव तुम्ही उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत हमखास ऐकले असेल. २३ मेच्या सुमारास तेथे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली दडते. लगेच २५ मेपासून नवतपा लागतो. अशा वेळचा एक आठवडा आपण पाहू या. यातील आकडे नमुन्याचे आहेत. खरे आकडे तुम्हीच तुमच्या गावी मिळवायचे आहेत.

सोमवार ते बुधवार आकाश निरभ्र. वायव्येकडून कोरडे, तापलेले वारे येतात. दुपारी सावलीतला पारा ४४ अंश सेल्सिअसवर. रस्ते ओस पडतात. पण माठातले पाणी कसे थंडगार! कूलरही झकास चालतो.

गुरुवारी ढग जमू लागतात. शुक्रवारी धुळीचे वादळ, विजांचा कडकडाट आणि पावसाची एक सर. शनिवारी पारा ३९ वर. "सुटलो बुवा!" असे तुम्ही म्हणाल. पण घामाच्या धारा थांबत नाहीत. कूलर लावला तर अंथरूण दमट होते. आणि माठातले पाणी? तेही पूर्वीसारखे गार नाही! पारा तर पाच अंशांनी उतरला. मग हे कसे?

उत्तर बाष्पीभवनात आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते. त्याची वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. आपले शरीरही असाच एक माठ आहे! १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. म्हणजे १ लिटर घाम जेवढी उष्णता नेतो, तेवढीत १० लिटर पाणी ५८ अंशांनी तापेल. मात्र हवेत आधीच बाष्प भरपूर असेल, तर घाम वाळतच नाही. तो नुसताच ओघळतो.

हे मोजताही येते. शिक्षकांकडून दोन तापमापके घ्या आणि सावलीत टांगा. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. थोडा वेळ पंख्याने वारा घाला. बुधवारी कोरडा पारा ४४, तर ओला सुमारे २३ दिसेल. शनिवारी कोरडा ३९, पण ओला २९! फरक २१ वरून १० वर आला. फरक जितका कमी, तितके माठाचे आणि घामाचे काम अवघड.

म्हणून दोन्ही दिवस जपायला हवे. कोरड्या दिवशी घाम दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही. दमट दिवशी घाम दिसतो, पण अंग निवत नाही. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग चटके बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि ताबडतोब डॉक्टरांना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी मुळीच ओतू नका.

तेव्हा सात दिवस दोन्ही पारे वहीत लिहा. आणि पारा उतरला म्हणून भर दुपारी बॅट उचलण्यापूर्वी माठातले पेलाभर पाणी पिऊन पाहा. ते गार नसेल, तर खेळ संध्याकाळी!