शेजारच्या ढगातली धूळ

सूर्य एका जागी बसून आहे असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो ग्रहांचा सगळा बारदाना घेऊन अतिविरळ वायूच्या ढगातून चालला आहे. त्यामुळे वृश्चिकेशेजारच्या भुजंगधारी तारकासमूहाकडून सूर्यमालेत सेकंदाला सुमारे 26 किलोमीटर वेगाने वारा शिरतो. त्यात हेलियमचे अणू असतात, तशी धूळही. 1992मध्ये गुरूला वळसा घालून पुढे निघालेल्या ‘युलिसिस’ यानावर असे काही कण आदळू लागले, की सूर्याला त्यांना धरून ठेवता येणार नाही इतका त्यांचा वेग होता. तेव्हा या धुळीची खात्री पटली.

हे कण बहुधा मायक्रॉनहून लहान. फार बारीक असतील ते वेशीवरूनच चुंबकीय क्षेत्रामुळे वळतात, काहींना सूर्यप्रकाशाचा दाब मागे रेटतो. म्हणजे हाती येतो तो चाळून आलेला माल.

शनीभोवती फिरणाऱ्या ‘कॅसिनी’ने टिपलेल्या लाखो कणांतून असे परके कण निघाले अवघे 36. त्यांचे विश्लेषण 2016मध्ये प्रसिद्ध झाले. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह, कॅल्शियम. कार्बनचा पत्ता जवळपास नाहीच. खरी गंमत पुढे आहे: हे कण रचनेने जवळजवळ एकसारखे निघाले. मरणपंथाला लागलेल्या ताऱ्यांभोवती जन्मणारी धूळ मात्र तऱ्हेतऱ्हेची असते. उल्कापाषाणांत अडकलेल्या सूर्यपूर्व कणांत ते दिसते. मग हा एकसारखेपणा आला कुठून? अतिनवताऱ्यांच्या धक्क्यांनी मूळ कण फुटले आणि त्यांचा माल ढगांमध्ये पुन्हा जमून नवे कण घडले, असा संशोधकांचा कयास आहे. मला तो पटतो. ‘आपण ताऱ्यांची राख’ हे वाक्य मग जरा घाईचे वाटते.

‘स्टारडस्ट’ यानाने 2006मध्ये काही कण थेट पृथ्वीवर आणले. जवळजवळ हवेइतक्या हलक्या एरोजेलमधले त्यांचे माग शोधायला हजारो हौशी लोक घरच्या संगणकावर सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे तपासत बसले. बरेचसे माग निघाले यानाच्याच सौरपट्ट्यांच्या कपच्यांचे! 2014पर्यंत आंतरतारकीय असू शकतील असे सातच कण उरले. त्यांतला ‘ओरायन’ सुमारे 3 पिकोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागाच्या तिप्पट. त्यात ऑलिव्हिन या सिलिकेट खनिजाचे स्फटिक सापडले. दुर्बिणींना मात्र आंतरतारकीय सिलिकेट बहुतांशी अस्फटिक दिसते.

ही धूळ ताऱ्यांभोवतीची की ढगांत नव्याने घडलेली, हा वाद सात कणांवर मिटणार नाही. सप्टेंबर 2025मध्ये निघालेल्या ‘आयमॅप’ यानावर अशाच कणांची रासायनिक रचना मोजणारे उपकरण आहे.