नाट्यशाळा निवडताना: सिरसाळ्यातून घेतलेला मागोवा

आमच्या भागात गाणारा मुलगा वेगळा आणि नाटक करणारा मुलगा वेगळा, असं नसतं. भारुडात उभा राहिलेला पोरगा गातो, नाचतो, सोंग घेतो आणि मध्येच थांबून समोरच्या म्हाताऱ्याची फिरकीही घेतो. आराध्यांच्या मेळ्यात, जयंतीच्या गाण्यांत, सप्ताहातल्या कीर्तनामागे टाळ धरून उभं राहताना हे सगळं एकत्रच अंगात मुरतं. मग बारावी होते किंवा बी.ए. होतं, आणि कुणाच्या तरी मनात येतं, की हेच शिकायचं. तिथे पहिली अडचण येते. विद्यापीठात संगीताचा विभाग एकीकडे असतो, नाट्यशास्त्राचा दुसरीकडे. अर्ज कुठे भरायचा? सिरसाळ्याहून परळीला किंवा तेलगावकडे जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं. त्यासाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी मुलं नाटक कुठे आणि कसं शिकली, हे बघणं मला फार गरजेचं वाटतं.

सुरुवातीला शाळा नव्हत्या, नाटक मंडळ्या होत्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि पुढची पन्नास वर्षं मराठी नाटक गाण्यावर उभं राहिलं. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, हा मुलगा १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेला, तो गळ्याच्या जोरावर. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. या मंडळ्यांतली मुलं कंपनीतच राहत, कंपनीतच जेवत. सकाळी गवयासमोर बसायचं, दुपारी तालीम मास्तरांसमोर उभं राहायचं. गाणं, चालणं, बोलणं, लुगडं नेसणं, सगळं एका छपराखाली. प्रमाणपत्र कुणालाच मिळत नव्हतं, तरी मला तो आपल्याकडचा सगळ्यांत पूर्ण अभ्यासक्रम वाटतो. त्याचे दोषही मोठे होते. मुलींना तिथे जागा नव्हती, जातीची दारं बंद होती आणि मालकाची मर्जी हाच नियम होता. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्यानंतर मंडळ्या एकेक करून मोडल्या आणि त्यांच्याबरोबर हे शिक्षणही संपलं.

पुढे दिल्लीत १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ तिथे संचालक होते. त्यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेतलं. त्यांनी शिस्त आणली, प्रकाश आणि नेपथ्याचं भान दिलं, जगभरची नाटकं मुलांच्या हाती ठेवली. सई परांजपे आणि रोहिणी हट्टंगडी या त्याच काळातल्या विद्यार्थिनी. पण आमच्यासारख्या गावातल्या मुलाच्या दृष्टीने त्या विद्यालयातली मोठी घटना नंतरची आहे. १९७७ मध्ये ब. व. कारंत संचालक झाले. ते लहानपणी कर्नाटकातल्या गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत वाढलेले, पुढे बनारसला पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणं शिकलेले, आणि स्वतः याच विद्यालयाचे विद्यार्थी. मोडलेल्या कंपनीतलं शिक्षण त्यांच्यामार्फत आधुनिक शाळेत परत शिरलं. नाटकाचं संगीत म्हणजे पेटी-तबल्याची साथ एवढंच नाही. दगड, भांडी, माणसाचा श्वास, हेही संगीतच, हे त्यांनी करून दाखवलं.

१९८२ मध्ये या विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत वामन केंद्रे होते, आपल्याच बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे. त्यांचे वडील भारुड करायचे. केंद्रे यांनी पुढे काय केलं, हे पाहिलं की निवडीचा अर्ध्याहून अधिक प्रश्न सुटतो. १९८७ च्या सुमाराला त्यांनी उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरचं ‘झुलवा’ उभं केलं. देवीला सोडलेल्या मुलींचं ते नाटक जोगत्यांच्या गाण्यानाचण्यातून बोलतं. दिल्लीला जाऊन त्यांनी दरडवाडी पुसली नाही. उलट घरून नेलेलं भारुड तिथल्या शिस्तीत घासून परत आणलं. २०१३ मध्ये ते त्याच विद्यालयाचे संचालक झाले आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडची मुलं ऑडिशनला जाताना आपली बोली आणि आपलं गाणं घरी ठेवून जातात, पाठ केलेल्या पुस्तकी हिंदीत संवाद म्हणतात. त्यांना मी कळवळून सांगतो, की केंद्रे यांचं काम आधी बघा.

मराठवाड्याचं स्वतःचं दार १९७०च्या दशकात उघडलं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला. दिल्लीहून शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी तो उभा केला. पुढे डॉ. लक्ष्मण देशपांडे तिथे विभागप्रमुख झाले. १९७९ पासून त्यांनी एकट्याने ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ केलं, बावन्न पात्रं उभी केली, आणि मराठवाडी बोली मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांतच नव्हे तर परदेशातही नेली. आपली बोली हसण्यावारी नेणाऱ्यांना तिच्यासाठी तिकीट काढून रांगेत उभं राहावं लागलं. एका प्राध्यापकाने एका भागासाठी याहून जास्त काय करावं?

या विभागाला बळ मिळालं ते विद्यापीठाच्या युवक महोत्सवातून. लोकनाट्य, पोवाडा, भारुड, एकांकिका, मूकाभिनय, समूहगान, सगळे प्रकार चार दिवसांत एका आवारात होतात. आमच्या सिरसाळ्यात पंडितगुरू पार्डीकर महाविद्यालय आहे, ते याच विद्यापीठाशी जोडलेलं. म्हणजे गाव न सोडताही मुलाला या मांडवात उतरता येतं. माझं मत असं, की हा महोत्सव हीच खरी पहिली चाचणी आहे. तिथे विभागाची मुलं भेटतात, शिक्षक भेटतात. आपण कुठे कमी पडतो, हेही तिथेच कळतं.

पुण्याचं ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. त्याला गुरुकुल म्हणतात, आणि त्या नावाला अर्थ आहे, कारण संगीत, नृत्य आणि नाटक तिथे एकाच आवारात शिकवलं जातं. सतीश आळेकर १९९६ ते २००९ तिथे संचालक होते. १९७४ च्या त्यांच्या ‘महानिर्वाण’मध्ये कीर्तन हाच नाटकाचा सांगाडा झाला होता. असा नाटककार जिथे तेरा वर्षं बसला, तिथे गाणं हा जोडधंदा राहत नाही. शिवाय इथे बारावीनंतर पदवीला प्रवेश मिळतो. ज्याचा गळाही तयार आहे आणि ज्याला नाटकही सोडवत नाही, त्याने हा पर्याय सगळ्यांत आधी बघावा.

मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये निघाली, आणि पहिले संचालक पुन्हा वामन केंद्रेच. तिथला अभ्यास पदव्युत्तर, दोन वर्षांचा. त्याच विद्यापीठात लोककला अकादमीही आहे. तमाशा, गोंधळ, भारुड यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा असेल तर तिचा विचार जरूर करावा. मात्र मुंबईत राहण्याचा खर्च आधी मांडून बघावा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे आणि ते परळीकडच्या मुलांना जवळ पडतं. पणजीला कला अकादमीचं नाट्यशिक्षण आहे. गोव्यात संगीत नाटक आजही गावोगावी उभं राहतं, हा तिथला मोठा फायदा.

एका खेड्याचं उदाहरण मला नेहमी बळ देतं. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं गाव आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या निनासम संस्थेने १९८० मध्ये नाट्यशाळा काढली. शिक्षण कन्नडमधून, मुलं गावातच राहतात, आणि शिकून निघालेले कलावंत राज्यभर नाटक घेऊन फिरतात. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारीच्या बागांमधलं गाव हे करू शकतं, तर कापूस आणि ऊस पिकवणाऱ्या गावाला ते का जमू नये?

गाणं, नाच आणि अभिनय एकत्र शिकवण्याची दुसरी रीत अमेरिकेत दिसते. तिथे संगीत नाटकाची स्वतंत्र पदवीच असते. सिनसिनाटीच्या संगीत महाविद्यालयात हा अभ्यास १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. तिथली मुलं आधी ध्वनिचित्रफीत पाठवतात, मग दोन वेगळ्या ढंगांची गाणी, एक स्वगत आणि नाच, अशी तिहेरी परीक्षा देतात.  आपल्याकडे अशी स्वतंत्र पदवी सर्रास नाही, म्हणून संगीत, नृत्य आणि नाटक अशा वेगवेगळ्या विभागांत विखुरलेलं शिक्षण मुलानेच जुळवून घ्यावं लागतं.

म्हणून तुलना कशाची करायची, हे नीट ठरवा. संस्थेच्या नावावर जाऊ नका. अभ्यासक्रमात आवाजाचा आणि गाण्याचा रियाज रोज आहे, की वर्षातून एकदा कार्यशाळा होते, हे विचारा. शिक्षक कायम आहेत, की बहुतेक तासिका तत्त्वावर येतात? वर्षाला किती नाटकं होतात आणि ती बाहेरच्या प्रेक्षकांसमोर होतात का? वसतिगृह आहे का? शिकवण्याची भाषा कोणती? पदवी मिळते की पदविका? पदवी असेल तर पुढे नेट-सेटचा आणि प्राध्यापकीचा रस्ता राहतो, महाडीबीटीवरून शिष्यवृत्तीचा अर्जही करता येतो. दिल्लीत पदविका मिळते, पण तिथे विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं. ज्या घरातले आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात, त्यांच्यासाठी हा फरक निर्णायक आहे. दिल्लीच्या जागा मात्र देशभरातून मोजक्याच. पदवी हवी, नाटकात काम केल्याचा अनुभव हवा. आधी प्राथमिक फेरी, मग दिल्लीत कार्यशाळा. म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून वर्ष वाया घालवू नये.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: जिथे शिकायचं, तिथल्या विद्यार्थ्यांचं एक नाटक आधी जाऊन बघा. संभाजीनगर आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, सकाळी निघून प्रयोग बघून दुसऱ्या दिवशी परतता येतं. प्रयोग संपल्यावर दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. माहितीपुस्तकात काय आहे ते घरीही वाचता येईल. वर्गात काय चालतं ते या मुलांकडूनच कळेल. आईवडिलांनाही बरोबर न्या. मुलगी जाणार असेल तर नक्कीच न्या, कारण तिच्या बाबतीतला घरचा होकार बहुतेक वेळा वसतिगृह डोळ्यांनी बघितल्यावरच येतो.

मराठवाड्यातल्या विद्यापीठांना माझी विनंती आहे. संगीत आणि नाट्यशास्त्र या दोन विभागांनी मिळून संगीत नाटक आणि लोकनाट्याचा दोन वर्षांचा एक जोडअभ्यासक्रम सुरू करावा. शिकवायला शिक्षक आहेत, युवक महोत्सवातून तयार झालेली मुलं आहेत, आणि भारुड, गोंधळ, जलसा ही सामग्री दाराशी आहे. तो सुरू होईपर्यंत सिरसाळ्याच्या आणि आसपासच्या मुलांनी पुणे आणि संभाजीनगर हे दोन अर्ज आधी भरावेत, पदवी झाल्यावर दिल्लीचा प्रयत्न करावा, आणि प्रत्येक चाचणीत एक तरी गाणं आपल्या गावचं म्हणावं.