झिजेची तजवीज

बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकातून संध्याकाळी इंचाइंचाने सरकणाऱ्या मोटारीचा चालक जितक्या वेळा क्लच दाबतो, तितक्या वेळा त्याच्या तबकडीवरील घर्षणपट्टी अंशमात्र झिजते. आणि ती पातळ होते तसतशी पाकळ्यांची मुख्य स्प्रिंग मूळ आसनावरून कलते व, सामान्य समजुतीच्या विपरीत, पेडल हलके न होता जड होते. स्वयंसमायोजक क्लचात याची तजवीज मोठी चतुर आहे: मुख्य स्प्रिंगचा टेकू दुसऱ्या, संवेदक स्प्रिंगने तोललेला असतो, दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ती किंचित हटते, टेकूपाशी केसाएवढी फट पडते आणि उतरणीदार कडे छोट्या स्प्रिंगांच्या रेट्याने तेवढेच फिरून ती बुजवते. नवा क्लच बसवताना हे कडे आधीच सुटलेले नाही ना, याची खातरजमा मात्र मेकॅनिकाकडेच राहते.